खांद्यावरचं फडकं

रेवदंड्यात पावसाने तीन दिवस उसंत दिलेली नाही. फडकी वाळत नाहीत, आणि बाळ दिवसाला आठ-दहा तरी भिजवतंच. अंगावर पिऊन झालं, ढेकर काढली की पाच मिनिटांत गुळणी.

अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून कच्ची आहे, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त असतं आणि बहुतेक मुलांचं वर्षाच्या आत थांबतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर मी निश्चिंत होते. पण मग बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली आणि माझे हातपाय गळाले.

डॉक्टरांचा संशय गाईच्या दुधातल्या प्रथिनांवर आहे. मी खाते ते माझ्या दुधातून त्याच्यापर्यंत पोचतं. म्हणजे दोन ते चार आठवडे माझ्या खाण्यातलं दूध, दही, पनीर बंद. मग पुन्हा थोडं खाऊन पडताळायचं. अंगावरचं पाजणं मात्र थांबवायचं नाही, हे ऐकलं आणि मी तिथेच रडले.

सासूबाई आधी गप्प झाल्या. बाळंतिणीचं दूध तोडायचं, हे त्यांना पटेना. संध्याकाळी त्यांनी अंगणातला नारळ फोडला आणि अळिवाची खीर नारळाच्या दुधात केली. त्या वाटीचे उपकार मी विसरणार नाही.

आज अकरावा दिवस. पाजल्यावर अर्धा तास त्याला उभं धरून ओटीवर फेऱ्या मारते, मग पाठीवरच निजवते. आज दुपारपासून खांद्यावरचं फडकं कोरडं आहे.