डॉलरचा भाव आणि युरोपची सहल

1946 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैनिकांची पहिली कुटुंबे जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरात उतरली. पुढे हायडेलबर्ग, काइझरस्लाउटर्न येथील छावण्यांच्या आधाराने राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणींत आल्प्स आणि ऱ्हाइन नदी असतात, त्याचप्रमाणे डॉलरचा भावही असतो.

1949 ते 1961 या काळात एका डॉलरला 4.20 मार्क मिळत. शिपायाच्या बेताच्या पगारातही गार्मिश येथील सैन्याच्या विश्रांतिकेंद्रात मुक्काम करता येई. मोटारीत अंथरूण-पांघरूण भरून ऑस्ट्रिया, इटली गाठता येई. 1969 मध्ये हा भाव 3.66 वर आला, 1973 मध्ये 3 च्या आणि 1978 च्या अखेरीस 2 च्याही खाली गेला. पगार डॉलरमध्ये, छावणीबाहेरचे घरभाडे मार्कमध्ये! किराणा छावणीच्या दुकानात डॉलरने मिळे, म्हणून चूल पेटत राही. सहल मात्र आधी रद्द होई. ज्याची येणी एका चलनात आणि देणी दुसऱ्या चलनात आहेत, त्या व्यापाऱ्यास ही ओढाताण वेगळी सांगावयास नको.

एका प्रवासास मात्र भाव आड येत नसे. फ्रँकफुर्टहून बर्लिनला जाणारी सैन्याची रात्रीची आगगाडी विनामूल्य होती. पूर्व जर्मनीच्या हद्दीवर, मारिएनबोर्न स्थानकात, ती थांबे. प्रवाशांची कागदपत्रे सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे तपासणीस जात. तेवढ्या वेळात जागी झालेली मुले काचेतून फलाटावरचे परके पहारेकरी न्याहाळीत.