दुखणें सांध्यांचें, पथ्य पोटाचें

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं तीं सर्वांना दिसतात. ताप आला, हाड मोडलें, कीं शेजारीपाजारीसुद्धां विचारपूस करूं लागतात. परंतु जें दुखणें वर्षानुवर्षें शरीरांत धुमसत राहतें, ज्याला ना जखम ना ताप, त्याच्याविषयीं घरच्या माणसांच्या मनांत सहानुभूतीपेक्षां संशयच अधिक असतो. त्यांतून तें घरच्या सुनेचें असलें म्हणजे विचारावयासच नको. 'आज कांहीं काम नको दिसतंय', एवढ्या एका वाक्यांत त्याचें निदान होऊन जातें! ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या सांधेदुखीचा आणि माझा सहवास आतां नऊ वर्षांचा आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

माझें माहेर धुळ्याचें व सासर जळगांवचें. भाकरी थापणें ही आमच्या खानदेशांत सुनेची पहिली परीक्षा. पण एका हिवाळ्यांत तीच मला देतां येईनाशी झाली. सकाळीं उठल्यावर बोटें मिटत नसत. दीड तास ऊन पाण्यांत हात शेकल्याखेरीज पातेलेंसुद्धां उचलवत नसे. या रोगांत बाहेरून कोणी शत्रु आलेला नसतो. शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्यांच्या अस्तराला परकें समजून त्यावर तुटून पडतात, आणि तेथें दाह सतत चालूं राहतो. तो वेळींच आवरला नाहीं तर हाड झिजतें व बोटें कायमचीं वांकतात. हा रोग फार विरळा आहे असेंही नाहीं. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोपडा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर पाहणी केली, तेव्हां प्रौढ माणसांत दर दोनशांमागें सुमारें एकाला तो आढळला. पुरुषांपेक्षां बायकांना तो दुपटीतिपटीनें अधिक होतो, हें तर सर्वत्रच दिसून आलें आहे.

डॉक्टरांनीं मेथोट्रेक्झेटची गोळी दिली. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, हें त्यांनीं तीनतीनदां बजावलें. या औषधाचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, म्हणून तोंवर वेदनाशामक गोळ्याही होत्या. त्यांनीं सांधे थोडे हलके झाले, पण पोट बिघडलें. जळजळ, आंबट ढेकर आणि मलावरोध हे नवे पाहुणे मुक्कामास आले. पुढच्या भेटींत डॉक्टरांनीं त्या गोळ्या कमी केल्या, व सहज विचारावें तसें विचारलें, "तुम्ही जेवतां केव्हां?"

मीं खरें तें सांगितलें. पुरुषमंडळी, मुलें, मामंजी, सासूबाई असे सर्वजण उठल्यावर आम्ही जावा जेवावयास बसत असूं. दुपारचे अडीच वाजत. भाजी बहुधा संपलेली असे. भात, तळाची आमटी व लोणचें एवढ्यावर भागे. सकाळपासून तोंवर तीन कप चहा झालेला असे. सासूबाई शेजारींच बसल्या होत्या. त्या तेथें कांहीं बोलल्या नाहींत, वाटेंतही बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र म्हणाल्या, "उद्यांपासून तुम्ही दोघीजणी माझ्या पानाशेजारीं बसायचं. वाढायला मुलांना हात आहेत." माझ्या औषधोपचारांतला हा सर्वांत मोठा फेरफार होता, असें मला आजही वाटतें.

पोटाचा आणि सांध्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्याकडे ही कल्पना जुनीच आहे. 'माधवनिदान' या ग्रंथांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण असून, मंद झालेल्या अग्नीमुळें न पचलेला आम सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्याची उपपत्ति दिली आहे. आधुनिक शास्त्राची भाषा निराळी आहे. आपल्या मोठ्या आंतड्यांत अगणित सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. आपल्याला न पचणारा चोथा हें त्यांचें अन्न. तो आंबवून ते जीं आम्लें तयार करतात, त्यांतील ब्यूटिरेट नांवाच्या द्रव्यावर आंतड्याच्या अस्तराचें पोषण होतें. अस्तर धड असलें म्हणजे नको तीं द्रव्यें रक्तांत शिरत नाहींत व रक्षक पेशीही शांत राहतात. नॉर्वेंतील एका प्रयोगांत या रोगाच्या २७ रुग्णांना आधीं उपास घडवून मग वर्षभर शाकाहारावर ठेवलें, आणि २६ जणांनीं नेहमींचेंच जेवण चालूं ठेवलें. पहिल्या गटाची सूज व सकाळचा ताठरपणा अधिक कमी झाला, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें ३६ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ज्यांनीं दहा आठवडे दह्यासारखे आंबविलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या रक्तांतील दाहाचीं अनेक लक्षणें उतरलीं, असें २०२१ सालीं दिसून आलें.

तरीही अमुक जंतु साधु व अमुक चोर, असा निवाडा करण्याइतकें हें ज्ञान पिकलेलें नाहीं. न्यूयॉर्कच्या संशोधकांना २०१३ सालीं नव्या रुग्णांच्या आंतड्यांत प्रेव्होटेला कुळांतील एक जात वाढलेली आढळली. पण त्याच कुळांतले जंतु धान्यभाज्यांवर राहणाऱ्या आपल्याकडच्या निरोगी माणसांतही विपुल असतात!

आम्हीं घरांत जें केलें त्यांत नवें असें थोडेंच होतें. मैद्याचीं बिस्किटें व पाव गेले, आणि ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी रोज पानांत आली. मटकीची नाहीं तर मुगाची उसळ, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, दुपारीं घरच्या विरजणाचें ताक, आणि यावल-रावेरच्या बागांच्या कृपेनें कच्च्या केळ्यांची भाजी, हा नेम ठरला. कच्च्या केळ्यांतील पिष्टाचा बराच भाग वरच्यावर पचत नाहीं. तो मोठ्या आंतड्यापर्यंत पोंचून जंतूंच्याच मुखीं पडतो. शेव आणि भजीं सणावारीं राहिलीं. चोथा मात्र हळूहळू वाढवावा. एकदम वाढविल्यास पोट फुगून पथ्याचीच बदनामी होते. सर्व घरानें हेंच जेवण पत्करल्यामुळें 'आजाऱ्याचें वेगळें' असें कांहीं उरलें नाहीं. मामंजींचा इसबगोलाचा डबा तर मांडणीवर धूळ खात पडला!

पोट पंधरवड्यांत सुधारलें. सांध्यांना सहा महिने लागले. सकाळचा ताठरपणा दीड तासावरून वीस मिनिटांवर आला आणि रक्तांतील दाहाचा आंकडाही उतरला. औषधाचें श्रेय किती व ताकभाकरीचें किती, याचा हिशेब मला मांडतां येत नाहीं, आणि मांडण्याची गरजही वाटत नाहीं.

पण तो हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या आखाजीला धुळ्यास गेलें असतां मीं हातांवर मांडा वाढवून खापरावर टाकलेला पाहून आत्याचे डोळे भरून आले. ती मायेनेंच म्हणाली, "ताकानं गुण आला ना? मग आतां त्या जहाल गोळ्या कशाला गिळतेस?" मीं तिला आमच्याच आळींतल्या एका बाईंची हकीकत सांगितली. बरें वाटूं लागतांच त्यांनीं औषध सोडलें, व दोन वर्षांत त्यांचीं बोटें अशीं वांकलीं कीं आज त्यांना वेणीसुद्धां घालतां येत नाहीं. पथ्यानें जमीन मऊ होते, पण आग विझविण्याचें काम औषधाचें आहे. तें कमी करावयाचें कीं नाहीं, हें रक्त तपासून डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. आखाजीच्या गप्पांत नव्हे. आत्याला तें पटलें कीं नाहीं कोण जाणे, परंतु पुढच्या वेळीं गोळीचा वार तिनेंच मला आठवून दिला.

ज्या घरांत अशी एखादी सून, लेक किंवा भावजय सकाळीं हात चोळीत बसत असेल, तेथील वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. सकाळचा ताठरपणा व सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली तर तिला जाणत्या डॉक्टरांकडे न्या. आणि त्याआधीं, आजच, ती किती वाजतां जेवते व तिच्या पानांत काय उरतें, तें एकवार पाहा.