खारपाणपट्ट्यातली नखतपासणी

पाठ कसा घ्यावा हे डी.एड.ला शिकवतात. पोरांकडून कशाची अपेक्षा धरावी, हे मात्र आम्ही मास्तरलोक घरूनच ठरवून येतो.

माझं घर तिवसा तालुक्यातलं, गुरुकुंज मोझरीजवळचं. वडील गुरुदेव सेवा मंडळाचे. पहाटे अंगण झाडायचं, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला ताठ बसायचं. मळका माणूस आळशीच असणार, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते घरात मुरलेलंच होतं. नोकरी लागली मूर्तिजापूरकडे.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. साबण कितीही घासा, फेस धरत नाही. धुतलेला सदरा वाळला की कडक होतो. नळाचं गोडं पाणी आठवड्यात कधीतरी येतं, ते पिण्यालाच पुरवायचं. अशा गावात परिपाठ संपला की गणवेश आणि नखं तपासायची! रांगेबाहेर निघतं ते पोरगं बहुधा पाणी साठवायला घरी टाकी नसलेलं.

त्यातही गंमत अशी, की ही तपासणी चालते गाडगेबाबांच्या फोटोखाली. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले बाबा अंगावर चिंध्या पांघरत. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. आमच्या तपासणीत बाबा पहिल्याच दिवशी रांगेबाहेर गेले असते. त्यांनी गावं झाडली. कुणाचा सदरा तपासला नाही. कीर्तनात ते लोकांना सवाल टाकत आणि उत्तरासाठी थांबत. शिक्षकानं त्यांच्याकडून खराट्याबरोबर हेही उचलावं.

खरेपणाचंही असंच. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वर्ग ओस पडतो. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे मायसोबत पोरगं गेलं तर घरात चार पैसे जास्त येतात. परत आलं की सांगतं, "ताप होता सर." माझ्या घरी खोटं बोलणाऱ्याला जेवण मिळत नसे. पण वावरात गेलो होतो म्हटलं, तर बोलणी मायबापाला बसतील, हे त्या पोराला पक्कं ठाऊक असतं. मायबापाची अब्रू झाकणं हाही कुणीतरी केलेला संस्कारच. म्हणून वेचणीच्या दिवसांत मी कारण विचारत नाही. "कितीक किलो झाला रे कापूस?" एवढंच विचारतो. "मायचा धरून तीस किलो, सर!" मग किलो, भाव, मजुरी फळ्यावर येतात आणि गुणाकाराचा तास तिथूनच सुरू होतो.

शिस्त सोडा, असं मी म्हणत नाही. प्रार्थनेला ताठ बसलेली पोरं मला अजूनही आवडतात, आणि कमजोराला मारणाऱ्याला माझ्या वर्गात माफी नाही. ताठ बसायला, न मारायला पैसा लागत नाही. पांढऱ्या सदऱ्याला लागतो. ज्या अपेक्षेला पैसा लागतो, तिला चारित्र्याचे गुण देऊ नयेत, असं माझं मत. तसंही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

गोड्या पाण्याच्या गावातून कुणी नवे गुरुजी या पट्ट्यात येणार असतील, तर त्यांना एक विनंती: गणवेश तपासण्याआधी गावात नळ किती दिवसांनी येतो, तेवढं विचारून घ्या.