पसंती कोणाची?

परवा तिवस्याला तुरीच्या धुऱ्यावर अंधार पडला आणि रातकिड्यांनी सूर धरला. सोबतच्या कास्तकाराने विचारले, "सायेब, हे कायले वरडतात जी?"

म्हटले, "गातो तो नर. मादी मुकी, तिचे कान पुढच्या पायांत. आपल्या जातीचा सूर ओळखून ती दमदार आवाजाकडे जाते." रानतुळशीवरच्या रातकिड्याचा लहानखुरा नर तर पानाला भोक पाडतो नि त्यात बसून पंख घासतो. आवाज वाढतो, मादी येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे २०२० साली दाखवून दिले.

"मंग पसंती पोरीचीच म्हना!" तो हसला.

मी गप्प झालो. सकाळीच लेकीचे स्थळ पक्के केले होते, तिला न विचारता. घरी गेल्यावर आधी विचारले.