रात्रीची वीज आणि सकाळचा आकडा

हिवाळा लागला की दिल्ली परिसरातील हवा राष्ट्रीय बातमी होते. सूक्ष्म कणांचे आकडे छापले जातात, त्यांवर वाद झडतात; मात्र आकडा सेन्सरमधून निघून नोंदीत पोहोचेपर्यंतच्या मधल्या वाटेविषयी क्वचितच कोणी बोलते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपतमध्ये सध्या माझे काम त्या मधल्या वाटेवरच चालते. विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

एका इमारतीच्या गच्चीवर व आसपास आमचे दहा सेन्सर आहेत. प्रत्येक सेन्सर मिनिटाला एक मोजणी पाठवतो. ती थेट नोंदीत जात नाही; मध्ये मेसेज ब्रोकर असतो. बाजार समितीतला अडत्या आठवावा: शेतकरी माल त्याच्या हवाली करून परततो, खरेदीदार सवडीने येतो, दोघांची गाठ पडण्याची गरज नसते. आमचा ब्रोकर मॉस्किटो नावाचा, सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असलेला. तो एमक्यूटीटी ही निरोपांची भाषा बोलतो. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती 1999 मध्ये रचली, तेलवाहिन्यांवरच्या मोजण्या उपग्रहामार्फत आणण्यासाठी. तेलशुद्धीकरणाच्या या गावात हा योग मला गमतीचा वाटतो.

मी येण्यापूर्वी हा ब्रोकर कोणीतरी टर्मिनलच्या खिडकीत हाताने सुरू करीत असे. वीज गेली की तो बंद पडे. वीज अर्ध्या तासात परते. ब्रोकर मात्र सकाळी कार्यालय उघडल्यावर. सेन्सरांना बॅटरी आहे, पण त्यांची स्मृती तासा-दोन तासांची. त्यापलीकडचे सारे पुसले जाई.

यातले भौतिकशास्त्र महत्त्वाचे आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन उष्णता उत्सर्जित करून झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि उभे मिश्रण थांबते. धूर व धूळ जमिनीलगतच्या पातळ थरात कोंडतात. दुपारी ऊन तापले की तो थर उंचावतो आणि तेच कण मोठ्या आकारमानात पसरतात. म्हणजे आमची नोंद हरवत होती ती नेमकी सर्वाधिक दूषित तासांची. अशी हानी यादृच्छिक नसते. ती सरासरी एकाच दिशेने, स्वच्छतेकडे, ढकलते. पीएम 2.5 साठी भारतातील 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, आणि वायुगुणवत्ता निर्देशांकासाठी 24 पैकी किमान 16 तासांची मोजणी पुरेशी मानतात. रात्रीचे आठ तास गायब झाले, तरी आकडा नियमाने वैधच!

पानिपत म्हटले की मराठी वाचकाचे मन 14 जानेवारी 1761 कडे जाणारच. भाऊसाहेबांचा दक्षिणेशी संपर्क युद्धाआधीच तुटला होता. नानासाहेब पेशव्यांना माळव्यात सुमारे दहा दिवसांनी बातमी कळली, ती एका सावकाराच्या जासुदाकडच्या सांकेतिक पत्रातून. सावकारांचे टपाल फौजेच्या भवितव्याला बांधलेले नव्हते, म्हणून ते चालले. आमचा ब्रोकरही कोणाच्या लॉगिनला बांधलेला नसावा, एवढेच मला हवे होते.

पडद्यामागे अखंड चालणाऱ्या अशा प्रक्रियेला संगणकात ‘डीमन’ म्हणतात. हे नाव 1963 च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळले. फर्नांडो कोर्बाटो यांच्या सांगण्यानुसार ते मॅक्सवेलच्या राक्षसावरून घेतले होते: दोन कप्प्यांमधल्या दाराशी बसून वेगवान आणि मंद रेणू अथकपणे निवडणारा तो काल्पनिक प्राणी. त्या राक्षसाला स्मृती पुसण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. आमच्याकडे ती वीज फुकटात पुसत होती.

लिनक्सवर अशा सेवांची देखरेख सिस्टमडी करते. एका छोट्या युनिट फाइलमध्ये लिहायचे: नेटवर्क आल्यावर सुरू हो, रूट म्हणून नव्हे तर स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चाल, पडलास तर पुन्हा ऊठ. ‘स्टार्ट’ म्हटले की सेवा आत्ता सुरू होते. ‘एनेबल’ केले तरच यंत्र चालू होताना आपोआप उठते. खरी मेख पुढे आहे. वेगळे काही सांगितले नाही, तर पडलेली सेवा सिस्टमडी 100 मिलिसेकंदांत पुन्हा उठवते आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाली की नाद सोडते. वीज येते तेव्हा राउटर जागा व्हायला वेळ घेतो. विशिष्ट पत्त्यावर ऐकणाऱ्या ब्रोकरला तो पत्ता मिळेपर्यंत उभे राहता येत नाही. तेवढ्यात पाचही प्रयत्न संपतात. दोन प्रयत्नांतले अंतर 10 सेकंद केले की ही मर्यादा कधीच गाठली जात नाही. एका ओळीचे काम, पण त्या ओळीवर अख्खी रात्र तोललेली असते.

उठलेल्या सेवेला मागचे आठवायलाही हवे. मॉस्किटोला स्मृती डिस्कवर ठेवायला सांगितले, तरी तो मुळात दर 1800 सेकंदांनीच ती लिहितो. आम्ही 60 केले. नोंद घेणारा प्रोग्रॅम बंद असेल, तर त्याच्यासाठी रांगेत 1000 निरोप राहतात, पुढचे टाकून दिले जातात. दहा सेन्सर, मिनिटाला एकेक निरोप: 100 मिनिटांत रांग भरते. हा हिशेब आपापल्या प्रयोगासाठी प्रत्येकाने कागदावर मांडावा आणि मर्यादा त्यानुसार वाढवावी.

आता घड्याळाचा प्रश्न उरला आहे. एमक्यूटीटीच्या निरोपात वेळेसाठी वेगळा रकानाच नसतो. उशिरा पोहोचलेल्या मोजणीवर पोहोचण्याची वेळ पडली, तर रात्री दोनचा धूर पहाटे चारचा ठरेल. म्हणून मोजणीची वेळ सेन्सरनेच निरोपाच्या मजकुरात लिहावी, असा बदल या आठवड्यात करते आहे.