ओटीपोट, धडधड आणि फीडबॅक लूप

मंडळी, विरार-चर्चगेट लोकलमध्ये टॉयलेट नाही. तुम्हाला ठाऊक आहेच, पण प्रोस्टेटायटिस झालेल्याला जरा जास्तच ठाऊक असतं!

सांडोरहून रिक्षाने वसई रोड, पुढे चर्चगेट फास्ट. ओटीपोटात दुखणं आणि सारखी लघवी लागणं सुरू झालं, तसं बोरिवली यायच्या आत छाती धडधडायची, हात गार पडायचे. वाटायचं, संपलो! ईसीजी नॉर्मल, लघवीत जंतू नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक अटॅक.

मग वाचत सुटलो. अमेरिकेच्या एनआयएचने १९९५ मध्ये प्रोस्टेटायटिसचे ४ प्रकार ठरवले. सर्वाधिक आढळणाऱ्या तिसऱ्यात जंतू सापडतच नाहीत. २००९ च्या ‘यूपॉइंट’ पद्धतीत तर लघवी, संसर्ग, स्नायू यांच्या शेजारी मनाचाही रकाना आहे. भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळतात, दुखणं वाढतं, दुखण्याने भीती वाढते. आमच्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक लूप.

लूप एका जागी तुटला तरी पुरतं. मला स्नायू सैल सोडायचे व्यायाम आणि समुपदेशन, दोन्ही लागलं. (थंडी वाजून ताप असेल तर मात्र थेट दवाखाना गाठा, तो जंतूंचा प्रकार असू शकतो.)

पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागतं ना राव! आपण पुरुष ‘खालचं’ दुखणं घेऊन डब्यातल्या ‘गुप्तरोग’ जाहिराती वाचत बसतो. डॉ. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं, तेही अशाच न बोललेल्या भीतीला.

असो. युरॉलॉजिस्टला धडधडही सांगा. आणि रात्री-अपरात्री फारच झालं तर टेली-मानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.