वाचवलेले मायक्रोलिटर

फुलंब्रीत आमचं घर कापूस आणि अद्रक पिकवणाऱ्याचं. खताचं रिकामं पोतंसुद्धा झटकून, घडी घालून ठेवायचं, हे अंगवळणी पडलेलं. हीच सवय घेऊन मी छत्रपती संभाजीनगरला प्रयोगशाळेत गेले आणि तिथे ती मला नडली.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला आरएनएचा प्रोब बनवायचा होता. कोंबडीच्या भ्रूणात एक जनुक नेमकं कुठे चालू आहे, ते जांभळ्या रंगाने दाखवणारा. जनुक पीब्लूस्क्रिप्ट या प्लाझ्मिडमध्ये बसवलेलं होतं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूत स्वतंत्रपणे वाढणारं डीएनएचं कडं. पीब्लूस्क्रिप्टमध्ये जनुकाच्या एका बाजूला टी७ आणि दुसऱ्या बाजूला टी३ प्रमोटर असतो. प्रमोटर म्हणजे आरएनए बनायला सुरुवात होते ती जागा. टी७चं पॉलिमरेज, म्हणजे आरएनए बनवणारं एन्झाइम, घातलं तर एका दिशेने आरएनए बनतो, टी३चं घातलं तर उलट दिशेने. त्यातला एकच पेशीतल्या एमआरएनएला चिकटतो.

आधी मात्र हे कडं जनुक संपतं तिथे कापून सरळ करावं लागतं. नाही कापलं, तर पॉलिमरेज थांबतच नाही; गोल फिरून अख्ख्या प्लाझ्मिडचा आरएनए काढत बसतं. म्हणून कापल्यावर थोडा डीएनए जेलवर चालवून तो पूर्ण कापला गेलाय का ते बघतात.

मी तो चालवला नाही. डीएनए मोजका होता, वाया कशाला घालवायचा! सरांनी विचारलं, "पूर्ण कापलंय ना?" मी म्हणाले, "हो सर." न बघता दिलेलं ते उत्तर मला आजही बोचतं. आरएनए बनला तो भलताच लांब, आणि मी दोष दिला एन्झाइमला.

पुढच्या वेळी कापणं नीट झालं, तर आरएनएच विरघळल्यासारखा नाहीसा. प्लाझ्मिड काढताना जिवाणूचा आरएनए घालवायला आरएनेज हे आरएनए तोडणारं एन्झाइम घालतात. फिनॉल-क्लोरोफॉर्मने ते धुऊन काढायला हवं होतं. धुताना थोडा डीएनए जातो, म्हणून मी ती पायरीच गाळली होती.

शेवटी प्रोब मिळाला, पण भ्रूण पांढरेच राहिले. दिशा चुकली होती. खरं तर दोन्ही दिशांचे प्रोब बनवायचे असतात. न चिकटणारा तुलनेसाठी लागतो. मी एकच बनवला, तोही तुलनेचा. दोन्ही बनवले असते, तर दुसऱ्याने रंग दिलाच असता.

कोविडची एमआरएनए लसही पॉलिमरेजने डीएनएवरून आरएनए बनवण्याच्या याच तत्त्वावर बनते. पुण्याच्या जिनोव्हाच्या लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिची भुकटी 2 ते 8 अंशांवर टिकते. ती बातमी वाचताना मला आधी मी गाळलेल्या तपासण्याच आठवल्या. लशीच्या प्रत्येक खेपेत आरएनएची लांबी आणि शुद्धता तपासावीच लागते. मी ज्यांना उधळपट्टी समजत होते, त्याच या.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. अर्धवट कापलेल्या डीएनएची ती पहिली नळी मी फेकली नाही. 'कापलेला' असं लिहून फ्रीझरमध्ये ठेवली, आणि जेल चालवला नव्हता हे वहीत नोंदवलंच नाही. पुढच्या वर्षी एका ज्युनिअर मुलीने ती विश्वासाने वापरली. तिचा फोन आला तेव्हा मी खरं काय ते सांगितलं, पण तोवर तिचं सेमिस्टर गेलं होतं.